मदत हवी आहे: शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी कोणतं लिनक्स, डेबियन १३ टाकू, मिंट २२.२ टाकू का उबुंटूची वाट बघू?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी, परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेवर मास्तर हाय, कॉम्प्युटरचं काही शिक्षण नाही, जे येतं ते करून करून आलेलं. शाळेत बारा मशीन हायेत, काही लोकवर्गणीतून घेतलेले आन काही एका ऑफिसनं काढून टाकलेले. दहा मशीन दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. उरलेले दोन म्हणजे लई जुने छोटे लॅपटॉप, ॲटम प्रोसेसर, १ जीबी रॅम, पण पोरांचा जीव त्यांच्यावरच, कामून तर मांडीवर घेता येतात.

आतापर्यंत सगळ्यांवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे फुकटचे अपडेट संपले, एक वर्षाची वाढीव मुदत मिळायली म्हणतात पण वर्षानं पुन्हा तेच रडगाणं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतंय आन इंटेलची आठवी पिढी, म्हणजे आमच्या एकाही मशीनवर ते चढणार नाही. नवे घ्या म्हणायला सोपं हाय, पण यंदा सप्टेंबरात पाऊस कसा झाला ते तुम्हाला ठावंच हाय, सोयाबीन उभ्यानं पाण्यात गेलं, आता कुणाच्या दारात वर्गणी मागायला तोंड हाय का? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम; डेबियन, मिंट, उबुंटू हे तिचेच प्रकार) टाकायला घेतलं.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मधे आलं, नवं हाय, पाच वर्षं चालतं असं वाचलं म्हणून पेनड्राइव्ह केला. आय३ वर मस्त चालू झालं, वायफायचं डोंगल सुद्धा आपोआप ओळखलं. ॲटमवाल्यावर लावलं तर काळ्या स्क्रीनवर दोन ओळी येतात आन गप बसतंय. त्याचा मतलब असा की ह्या कर्नलला (सिस्टीमच्या गाभ्याला) एक्स८६-६४ म्हणजे ६४-बिट सीपीयू लागतो, मशीनमधे आय६८६ म्हणजे ३२-बिट सापडला, तुमच्या सीपीयूला जमणारं कर्नल वापरा. पेनड्राइव्ह बदलला, बायोसमधे (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमधे) खालीवर केलं, तरी त्याच दोन ओळी.

मिंट २२.२ पेनड्राइव्हवरूनच चालवून बघितलं, पोरांला विंडोजसारखं दिसतंय म्हणून लगेच जमायलं, पण सिनॅमन (मिंटचा जड डेस्कटॉप) वाला घेतला तर जरा दमायलंय. आता एक मित्र म्हणतोय एप्रिल २०२६ मधे उबुंटू २६.०४ येणार हाय तवर थांबा. थांबावं का? आन ॲटमचं काय करावं, भंगारात द्यायचा जीव होईना. मराठी टायपिंग पायजेच, पोरांला इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगचा कीबोर्ड) शिकवलंय. नेट म्हणजे माझा मोबाईल, हॉटस्पॉट लावून, त्यामुळं बारा मशीनवर बारा वेळा अपडेट उतरवणं परवडणार नाही. लाईट कधीबी जाते ते वेगळंच. कुणी शाळेत केलं असंल तर सांगा.

नवाकोरा:
सर सरळ उबुंटू २५.१० टाका ना, ऑक्टोबर २०२५ मधेच आलंय, ग्नोम ४९ डेस्कटॉप आहे, सगळं वेलँडवर (स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी पद्धत), सुडो (ॲडमिनच्या अधिकारानं कमांड चालवणारा प्रोग्राम) सुद्धा रस्ट भाषेत नव्यानं लिहिलेलं. जुनं कशाला टाकायचं?

टर्मिनलवाला:
@नवाकोरा, तुझ्या लॅपटॉपवर बिनधास्त टाक, शाळेत नको. २५.१० ला नऊच महिने सपोर्ट आहे, म्हणजे जुलै २०२६ ला सरांनी परत बारा पेनड्राइव्ह फिरवायचे का? आणि रस्टचं म्हणशील तर त्याच २५.१० मधे नव्या कोअरयुटिल्सच्या (रस्टमधेच लिहिलेल्या मूलभूत कमांडच्या संचातल्या) डेट कमांडमधे बग निघाला आणि त्यापायी आपोआप अपडेट तपासणंच बंद पडलं होतं. दुरुस्त केलं त्यांनी पटकन, पण ज्याला रोज टर्मिनल उघडायची सवय नाही त्याला हे कळणार कसं?

सर, ॲटमचं आधी सांगतो. तुमच्या पेनड्राइव्हमधे काही गडबड नाही आणि बायोसमधे कितीही खालीवर केलं तरी फरक पडणार नाही. डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही बंद केलेत, आणि तुमचा सीपीयू ३२-बिट आहे. काही ॲटम ६४-बिट असतात पण ती ओळ आली म्हणजे तुमचा नाही. उबुंटूनं तर हे कधीच सोडलं होतं, मिंटचं डेबियनवरचं एलएमडीई ६ पर्यंत ३२-बिट मिळायचं, ७ ला तेही गेलं.

भंगारात देऊ नका लगेच. अँटीएक्स २३ (जुन्या मशीनसाठीचं हलकं लिनक्स) बघा, ते डेबियन १२ वर आहे, ३२-बिट मिळतं आणि १ जीबीत चालतं. डेबियन १२ ला सुरक्षा अपडेट जून २०२८ पर्यंत आहेत. अडचण ब्राउझरची येणार. फायरफॉक्सची १४४ ही ३२-बिट लिनक्ससाठी शेवटची आवृत्ती, ईएसआर १४० ला (फायरफॉक्सच्या जास्त दिवस अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीला) सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी अपडेट येतील असं मोझिलानं सांगितलंय. म्हणून त्या दोघांवर नेट लावूच नका, टायपिंग, टक्स पेंट (पोरांचं चित्रं काढायचं ॲप), गणिताचे खेळ, एवढ्यापुरतं ठेवा. १ जीबीत आजच्या वेबसाइटी उघडणं तसंही जिवावर येतं.

मांजराकाठ:
सर, मी लातूरकडचा, आमच्या अभ्यासिकेत मागच्या वर्षीपासून मिंट हाय, तवा अनुभवाचं सांगतो. तुमच्या आय३ ला सिनॅमन नको, एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) वाला मिंट घ्या, तोच २२.२, दिसायला जवळपास तसाच पण हलका. ४ जीबीत एक ब्राउझर आन लिबरऑफिस आरामात चालतंय, ब्राउझरच्या वीस टॅब उघडल्या तर कोणतंबी लिनक्स बसणारच. हार्डडिस्क साधी हाय म्हणताव, तर पैसे आले की आधी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागची वेगवान डिस्क) टाका, रॅम नंतर. १२० जीबीची छोटी एसएसडी टाकली तरी मशीन नवं झाल्यासारखं पळतंय, हे मी डोळ्यानं बघितलेलं हाय.

२६.०४ साठी थांबायची काही गरज नाही. मिंट २२.२ हे उबुंटू २४.०४ वर बसलेलं हाय आन २०२९ पर्यंत अपडेट येणार. तवर आमचे आय३ राहतात का नाही कुणास ठाऊक. एप्रिलमधे येईल ते येऊ द्या, पहिले काही महिने दुसऱ्यांला ठेचा खाऊ द्या, मग बघू.

शाळेसाठी मिंटमधली एक सोय लई कामाची. सिस्टीम सेटिंगमधे लॉगिन विंडो म्हणून हाय, त्यात यूजर्सच्या टॅबमधे गेस्ट सेशन चालू करा. पोरगं गेस्ट म्हणून आत जातंय, काय वॉलपेपर बदलायचा, काय आयकॉन उडवायचे ते करतंय, लॉगआउट केलं की सगळं पुसून जातं, दुसऱ्या पोराला कोरी पाटी. फक्त पोरांचं काम पेनड्राइव्हवर नाहीतर दुसरीकडं सेव्ह करायला लावा, नाहीतर कोणाचं तरी चित्र जायचं आन रडारड. आन टाइमशिफ्टचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टीम मागच्या स्थितीला नेता येते.

पाटीपेन्सिल:
गेस्टचं भारी सांगितलंत, आमच्याकडं वॉलपेपरवरूनच भांडणं होतात. डेबियन मग सोडूनच द्यावं का? आय३ वर ते चांगलं चालू झालं होतं म्हणून विचारायलो. आन इनस्क्रिप्ट?

टर्मिनलवाला:
डेबियन वाईट अजिबात नाही. एक्सएफसीई तर डेबियन १३ मधे ४.२० आहे आणि मिंट २२.२ मधे अजून ४.१८. पण दोन गोष्टी. एक, डेबियन १३ नव्यानं टाकलं की टेंप (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर रॅममधे जातं, अर्ध्या रॅमपर्यंत भरू शकतं, ४ जीबीवर मोठा व्हिडिओ नाहीतर झिप हाताळताना हे जाणवतं. बंद करता येतं, पण हे माहीत असावं लागतं. दोन, गेस्ट सेशन, अपडेट मॅनेजर, टाइमशिफ्ट हे सगळं मिंटमधे तयार मिळतं, डेबियनमधे तुम्हाला बसून जुळवावं लागेल. तुमची सुट्टी त्यात जाईल.

इनस्क्रिप्टसाठी आयबस (कीबोर्डची भाषा बदलणारा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. त्यात मराठीखाली इनस्क्रिप्ट, इनस्क्रिप्ट २, फोनेटिक, आयट्रान्स सगळं आहे. लॉगआउट करून परत आत आलात की दिसेल. गेस्टमधे सेटिंग टिकत नाही हे लक्षात घ्या, म्हणून मराठी टायपिंगच्या तासाला वेगळं साधं खातं काढा, 'विद्यार्थी' नावाचं, ॲडमिनचा अधिकार न देता.

सेतूवाला:
मास्तर तुमच्या धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझं फॉर्म भरायचं दुकान हाय जालन्याकडं. मिंट २२.२ मधे फिंगरप्रिंटचं नवं ॲप आलंय म्हणतात, मग आधारचं थम मशीन चालंल का त्याच्यावर? चाललं तर मी आजच विंडोज काढतो.

मांजराकाठ:
थांब भाऊ, काढू नको! ते फिंगविट म्हणून हाय, लॅपटॉपला जो बोटाचा सेन्सर असतो त्यानं लॉगिन करायला, पासवर्डच्या जागी बोट, एवढंच. आधारच्या थम मशीनला त्या कंपनीची आरडी सर्व्हिस (ठसा आधारकडं पाठवणारं सॉफ्टवेअर) लागते, ती लिनक्सवर देतात का हे तुझ्या मशीनच्या कंपनीला विचार आधी. नाहीतर दुकानात एक मशीन विंडोजचं ठेवूनच बाकीचे बदल. पीएम किसानच्या केवायसीची लाईन दारात लागलेली असताना प्रयोग करू नको.

गोदाकाठ:
सर एक सुचवू का, आपल्याकडं सीडॅकचं (केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर संशोधन संस्थेचं) बॉस लिनक्स हाय, त्याचं शाळांसाठी एज्युबॉस पण निघालं होतं. आन केरळात तर सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून उबुंटूवरच शिकवायल्या, त्यांच्या काइट संस्थेनं स्वतःचं उबुंटू बनवलंय शाळांसाठी. आपल्याकडं असं कामून होईना हे कळंना.

टर्मिनलवाला:
केरळात शिक्षकांना आधी ट्रेनिंग दिलं, हा मोठा फरक आहे. इथे सर एकटे आहेत, म्हणून ज्याच्यावर मदत जास्त मिळते ते घ्या, बाकी अभिमान नंतर.

नेटचं राहिलंच. एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी (apt-cacher-ng) नावाचं, उतरवलेले अपडेट साठवून ठेवणारं पॅकेज टाका, बाकीच्या नऊ मशीनला अपडेट ह्याच्याकडून घ्यायला सांगा. पहिलं मशीन मागतं तेव्हा तुमच्या हॉटस्पॉटवरून एकदाच उतरतं, पुढचे आठ तिथूनच उचलतात. साधा राउटर लागेल मधे, त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं. आणि दहा वेळा इन्स्टॉल करत बसू नका. एकाच मशीनवर मिंट, मराठी, खेळ, प्रिंटर सगळं बसवा, क्लोनझिला नावाच्या प्रोग्रामनं त्याची इमेज (अख्ख्या डिस्कची नक्कल) काढा आणि बाकीच्यांवर ओता. ज्यांच्यावर ओतायचं त्यांची हार्डडिस्क तेवढीच नाहीतर मोठी पाहिजे.

लाईट गेली म्हणून लगेच काही बिघडत नाही, ईएक्सटी४ (डिस्कवर फाइली ठेवायची लिनक्सची पद्धत) बदलांची नोंद म्हणजे जर्नल ठेवतं, चालू झाल्यावर स्वतःच सावरतं. पण कर्नलचा अपडेट चालू असताना गेली तर वैताग. यूपीएस एकच असेल तर तो कॅशरवाल्या मशीनला लावा, आणि बाकीच्यांचे अपडेट लाईट टिकते त्या वेळेला घ्या.

पाटीपेन्सिल:
मग ठरलं. दहा आय३ वर मिंट २२.२ एक्सएफसीई, दोन ॲटमवर अँटीएक्स बिगर नेटचं. राउटर एकाच्या घरी पडून हाय तो मागून आणतो. क्लोन केल्यावर सगळ्यांचं नाव सारखंच दिसंल ना? त्यानं काही होतं का?

टर्मिनलवाला:
होतं. प्रत्येकाचं होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव) बदला, लॅब१, लॅब२ असं. आणि इमेज काढायच्या अगदी आधी त्या मूळ मशीनवर ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी नावाची फाईल रिकामी करा आणि मशीन बंद करा. फाईल डिलीट नाही करायची, फक्त आतला मजकूर काढायचा, मग प्रत्येक मशीन पहिल्यांदा चालू होताना स्वतःचा नवा आयडी बनवतं. सगळ्यांचा सारखाच राहिला तर राउटर कधीकधी दोन मशीनला एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देऊन बसतो, आणि मग अर्धी लॅब चालू, अर्धी बंद.

मांजराकाठ:
आन ती इमेज पेनड्राइव्हवर ठेवू नका सर, पोरं सिनेमे भरायला नेतात. एखादी जुनी हार्डडिस्क कपाटात कुलूप लावून ठेवा.