बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब मिणमिणतात, तातडीने मदत हवी आहे

ओंकार_कराड
घरातले जुने बल्ब काढून सगळीकडे एलईडी लावले. आता रात्री बटण बंद केल्यावरही काही बल्ब अंधुक पेटलेले राहतात आणि एक तर सारखा लुकलुकतो. वडील हॉलमध्ये झोपतात, त्यांची झोपमोड होते. दुकानदाराने बल्ब बदलून दिले, तरी तेच. वायरमन म्हणतो, एलईडीचं असंच असतं. असंच कसं असेल? कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

सह्यकडा
काही म्हणजे नक्की कुठले? किती वॅटचे? घर किती जुनं? इन्व्हर्टर आहे का?

निशिगंधा
स्वस्तातला माल घेतला की हेच होतं. पाकिटावर आयएस १६१०२ (एलईडी बल्बचं भारतीय मानक) आणि त्याखाली आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. नसेल तर सरळ परत करा. मी उजाला योजनेत ७० रुपयांना घेतलेले ९ वॅटचे बल्ब अजून चालू आहेत.

ओंकार_कराड
स्वस्तातले नाहीत, नंबर आहे पाकिटावर. ९ वॅटचेच. हॉलमधले दोन आणि जिन्यातला एक एवढेच त्रास देतात, स्वयंपाकघरातले व्यवस्थित बंद होतात. इन्व्हर्टर नाही. माझा प्रश्न बल्ब कुठला घ्यावा हा नाही.

आप्पा_वायरमन
हॉलच्या बटणात छोटा लाल दिवा आहे का, अंधारात बटण सापडावं म्हणून असतो तसा?

ओंकार_कराड
आहे. पण तो आधीपासून आहे आणि साध्या बल्बला कधी काही झालं नाही. त्याचा काय संबंध?

आप्पा_वायरमन
तो दिवा बटण चालू असताना पेटतो की बंद असताना?

ओंकार_कराड
बंद असताना.

सोलापूरकर_सर
दिव्याबिव्याचं काही नाही. जुन्या घरात हमखास फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रल (परतीची वायर) बटणातून फिरवलेला असतो. बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावा, पेटला तर माझं खरं. आमच्या घरी हेच निघालं होतं.

आप्पा_वायरमन
सर, ते कारणही असतं, पण इथे लक्षण वेगळं आहे. बंद असताना पेटणारा दिवा बटणाच्या दोन टोकांना जोडलेला असतो. त्याला लागणारा करंट बल्बमधूनच जातो, कारण दुसरी वाटच नाही. हा करंट एक मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी. ६० वॅटच्या साध्या बल्बची तार त्याने कोमटही होत नाही. एलईडीच्या आत मात्र कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा भाग असतो, तो तेवढ्या करंटवर हळूहळू भरतो. पुरेसा भरला की बल्ब चमकतो, रिकामा झाला की विझतो, पुन्हा भरायला लागतो. म्हणून लुकलुक. काही बल्बांत चमक न येता नुसता अंधुक उजेड राहतो. बल्बात दोष नाही, ओंकार. मेन बंद करून त्या लाल दिव्याची एक वायर सोडवून घ्या.

आणि टेस्टरवर भिस्त ठेवू नका. शेजारच्या वायरीतून उतरलेल्या व्होल्टेजवरही निऑन टेस्टर पेटतो. फेज खात्रीने बघायचा तर टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब लावावा लागतो.

सोलापूरकर_सर
टेस्टर सगळीकडे खोटा म्हणायचा का मग? आणि न्यूट्रल बटणात असेल तर बल्ब बदलताना होल्डरमध्ये फेज जिवंत असतो, माणूस चिकटतो. ते तपासायला सांगितलं तर चुकलं काय?

आप्पा_वायरमन
तपासायलाच हवं, त्यात वाद नाही. फक्त टेस्टर पेटला एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

मीरा_ठाणे
मिणमिणण्याचा प्रश्न सुटेलच, पण हॉलमध्ये ६५०० केल्विनचा पांढरा उजेड लावला असेल तर वडिलांसाठी तोही बदला. संध्याकाळनंतर २७०० किंवा ३००० केल्विनचा पिवळसर उजेड डोळ्यांना बरा वाटतो. माझ्या सासूबाईंनी स्वतः फरक सांगितला.

सह्यकडा
विषय निघालाच आहे तर, देवघरातला झिरोचा बल्ब बदलला का? नाव झिरो असलं तरी तो साधारण १५ वॅट खातो. चोवीस तास चालू राहिला तर महिन्याला जवळपास ११ युनिट. बहुतेक घरांत सगळे दिवे बदलतात आणि नेमका हाच राहतो. अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर महिन्याला अर्धं युनिटही होत नाही.

ओंकार_कराड
देवघर नंतर बघतो. लाल दिव्याची वायर दुसऱ्या वायरमनकडून सोडवून घेतली, हॉलमधले दोन्ही बल्ब आता पूर्ण बंद होतात. आप्पा, मनापासून आभार, वडील शांत झोपले. जिन्यातला मात्र अजून लुकलुकतो आणि त्या बटणांना लाल दिवा नाही.

आप्पा_वायरमन
जिन्याला खाली एक आणि वर एक अशी टू-वे बटणं असतील ना? त्यांच्यामधल्या दोन वायरी एकाच पाइपातून लांबवर शेजारी-शेजारी जातात. एकीत फेज असला की दुसरीत थोडं व्होल्टेज उतरतं, ते या बल्बला पुरतं. आधी सरांनी सांगितलेली न्यूट्रलची तपासणी टेस्ट लॅम्पने करून घ्या. फेज बटणातूनच येत असेल, तर होल्डरच्या दोन टोकांना ०.२२ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-टू कंडेन्सर (घरच्या विजेवर थेट लावायचा सुरक्षित प्रकार) लावायला सांगा. उतरलेलं व्होल्टेज तो दाबून टाकतो. दुकानात एक्स-टू असंच मागा. पंख्याचा कंडेन्सर कुणी देत असेल तर घेऊ नका, तो या कामाचा नाही.

सोलापूरकर_सर
त्यापेक्षा जिन्याचं वायरिंगच नवीन करा. जुन्या वायरीचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, ती जोखीम कंडेन्सरने जात नाही.

निशिगंधा
एका बल्बसाठी आख्खा जिना फोडायचा? काहीतरीच.

सोलापूरकर_सर
फोडायची गरज नाही, पाइप असेल तर जुनी वायर ओढतानाच तिच्या टोकाला नवी बांधून आत घेता येते.

ओंकार_कराड
घर १९८० च्या आसपासचं आहे, वायरी भिंतीतल्या पाइपातूनच आहेत. वायरमन सोमवारी येतोय, न्यूट्रल आधी बघायला सांगतो.

आप्पा_वायरमन
तो पाइप उघडेल तेव्हा वायरीचं इन्सुलेशन जरा वाकवून बघायला सांगा. तडकत असेल तर सर म्हणतात तेच करा, कंडेन्सरचा खर्च नको.

मीरा_ठाणे
माझाही एक प्रश्न. चोकच्या जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब नुसती बसवली तर चालते का, की चोक काढावाच लागतो?

आप्पा_वायरमन
ट्यूबच्या पाकिटावर जोडणीचं चित्र असतं. त्याचा फोटो टाका, मग सांगतो. काही ट्यूब चोक काढून थेट जोडायच्या असतात, काहींबरोबर वेगळा स्टार्टर येतो.