मदत हवी आहे : दोन वर्षांसाठी आइंडहोवनला, चौघांचं बिऱ्हाड

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या कंपनीकडून नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला दोन वर्षांसाठी जायचं ठरलंय. आम्ही मुलुंडचे, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचारचा. तिकडे पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची, त्यामुळे धाकट्यालाही लगेच घालावं लागणार.

कागदपत्रांचं बऱ्यापैकी कळलंय. जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र यांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण) लागतं. पण मुलांच्या दाखल्यावर नाव नंतर चढवलेलं आहे, तर आधी महापालिकेकडून नवी प्रत काढावी का? कुणी केलंय का हे?

खरी चिंता मुलीची. परत येऊ तेव्हा ती सहावीत असेल. मराठी लिहायची सवय सुटू नये म्हणून तुम्ही घरी काय केलंत? बालभारतीची पुस्तकं नेणार आहे, पण रोज बसवणार कोण, हा प्रश्न आहेच! शिवाय इथल्या शाळेतून दाखला काढायचा की दोन वर्षं जागा राखून ठेवतात?

घर भाड्याने द्यावं की बंद ठेवावं यावर आमच्यात रोज वाद. मी म्हणते, पावसाळ्यात बंद घराला बुरशी येते; ह्यांना भाडेकरू नको. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून कुणी परदेशातून सांभाळलाय का?

सासूबाई तिकडे न्यायला तूप कढवतायत. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे त्यांना कसं सांगू तेही सुचवा. कुकर मात्र इंडक्शनवर चालणारा घेतलाय.