मदत हवी आहे: १९७२ च्या एमजीबीला (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) इलेक्ट्रिक फॅन

मंडळी, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत राहतो. उन्हाळ्यात इथे पारा ४० च्या वर जातो. हायवेवर इंजिनाचं तापमान ठीक असतं, पण सिग्नलला थांबलो की काटा वर सरकायला लागतो. रेडिएटर साफ करून घेतला, ८२ अंशांचा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) नवा टाकला, तरी तेच. म्हणजे गाडी उभी असताना हवाच कमी पडते, असं मला वाटतं.

वॉटर पंपावरचा मूळ पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन लावावा का? रेडिएटरच्या पुढे की मागे? तापमानाचा स्विच कुठे बसवला? रात्री हेडलाइट आणि फॅन एकत्र चालले तर जुन्या अल्टरनेटरला झेपेल का?

हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) जायच्या आधी हे निस्तरायचं आहे. गाडीत फार जीव आहे माझा. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.