वाय-फायचे चॅनल 1, 6, 11 भरलेत. मग रिकामा चॅनल 3 का नको?

प्रश्न (तिसरा_मजला):
पुण्यात सोसायटीत राहतो. रात्री आठनंतर वाय-फाय रखडतं. राउटरला केबल लावली की पूर्ण स्पीड मिळतो, म्हणजे लाइन ठीक आहे. फोनवरच्या ॲनालायझरमध्ये (आसपासचे वाय-फाय दाखवणारं ॲप) 2.4 गिगाहर्ट्झवर असं दिसतं: चॅनल 1 वर चार राउटर (सगळ्यात जोरदार -58 डीबीएम; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार), 6 वर सात (-49), 11 वर तीन (-71). 3 आणि 4 रिकामे आहेत. 3 घेऊ का? आणि चॅनलची रुंदी सध्या 40 मेगाहर्ट्झ आहे, ती तशीच ठेवू?

लहरी_माणूस:
3 मुळीच घेऊ नका. तो रिकामा दिसतो, पण नसतो. चॅनलचे आकडे 5-5 मेगाहर्ट्झवर आहेत आणि सिग्नल पसरतो 20 मध्ये. 3 चा मध्य 2422, म्हणजे तुम्ही 2412 ते 2432 व्यापणार. चॅनल 1 असतो 2402 ते 2422, आणि 6 असतो 2427 ते 2447. दोघांच्याही हद्दीत तुमचा पाय.

एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांची भाषा ओळखतात. साधारण -82 इतक्या क्षीण आवाजातही समोरच्याच्या पॅकेटची (डेटाच्या तुकड्याची) सुरुवात कळते, मग आपला राउटर थांबतो आणि पाळी आली की बोलतो. वेळ वाटला जातो, पण पॅकेट शाबूत राहतात. अर्धवट सरकलेल्या चॅनलवरचं बोलणं मात्र त्याला नुसता गोंगाट वाटतो, आणि गोंगाटासाठी तो थांबतो -62 च्या वर गेल्यावरच. त्याखाली दोघं एकाच वेळी बोलतात, पॅकेट फाटतात, पुन्हा पाठवावी लागतात. तुम्ही 3 वर गेलात तर शेजाऱ्यांचंही नेट बिघडेल.

11 घ्या, तिथले शेजारी सगळ्यात क्षीण आहेत. रुंदी 20 करा. 40 ठेवली तर जवळपास अर्धा पट्टा तुम्ही अडवता आणि कुणा ना कुणावर आदळताच. कागदावरचा वाढीव स्पीड अशा इमारतीत हाती लागत नाही.

खडखडाट:
वरचं सगळं बरोबर, फक्त राउटर मोजून निर्णय घेऊ नका. -88 चे पाच राउटर परवडतात, -50 चा एकच रात्रभर व्हिडिओ ओढत असेल तर तो महागात पडतो. मोजणी त्रास होतो त्याच वेळी आणि त्याच खोलीत करा. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वाय-फाय स्कॅन थ्रॉटलिंग (स्कॅनवरची मर्यादा) बंद करा, नाहीतर ॲप जुनेच आकडे दाखवत राहतं.

मग लॅपटॉपवरून राउटरच्याच पत्त्यावर (बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1) तीन मिनिटं पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालवा. जवळ बसून 2-5 मिलिसेकंद यायला हवेत. मधेच 200-300 च्या उड्या किंवा टाइमआउट दिसले तर भांडण हवेतच आहे. चॅनल बदलून तीच चाचणी पुन्हा.

‘ऑटो’वर सोडू नका. बरेच राउटर फक्त चालू होताना चॅनल निवडतात. लाईट जाऊन आली की अख्ख्या इमारतीतले राउटर एकदमच उठतात, आणि तेव्हा निवडलेला चॅनल रात्री नऊला कामाचा असेलच असं नाही.

तिसरा_मजला:
11 आणि 20 केलं, पिंग सुधारलं. पण अधूनमधून मिनिटभर पूर्ण झोपतं. 13 वर जाऊन बघू?

लहरी_माणूस:
13 भारतात चालतो, पण 11 वरच्या तिघांशी तो अर्धवट भिडतो. शिवाय अमेरिकेतून आणलेल्या काही उपकरणांना तो दिसतच नाही.

मिनिटभराचा प्रकार मायक्रोवेव्हचा वाटतो. तो 2450 च्या आसपास चालतो आणि 11 सुरू होतो 2452 ला. कपभर पाणी गरम करत पिंग पाहा. राउटरला यूएसबी 3 ची हार्ड डिस्क लावली असेल तर तीही काढून बघा, तिची केबल याच पट्ट्यात आवाज करते.

खडखडाट:
फोन, टीव्ही, लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर न्या, 2.4 वर फक्त स्मार्ट प्लग, कॅमेरे राहू देत. 5 वर चॅनल 36 ते 48 किंवा 149 ते 161 मधला मोकळा गट घ्या. रुंदी 80, शेजारी जास्त असतील तर 40. 52 ते 144 रडारसोबत वाटून घेतलेले आहेत: राउटर आधी किमान 60 सेकंद ऐकत बसतो, आणि रडार ऐकू आलं की तो चॅनल सोडून अर्धा तास परतता येत नाही. विमानतळ जवळ असेल तर त्या वाटेला जाऊ नका.