नाविकांना सलाम नको, वेळेवर साइन-ऑफ द्या

दीपस्तंभ
दर २५ जूनला नाविक दिनाची पोस्टर लागतात आणि कंपन्या विचारतात, हुशार मुलं समुद्रावर का येत नाहीत? येतात हो, टिकत नाहीत. जगाच्या व्यापारातला ८० टक्क्यांहून जास्त माल जहाजानं जातो. तरी २०२० मध्ये बंदरं बंद झाली तेव्हा करार संपलेले जवळपास ४ लाख नाविक जहाजांवरच अडकले. घरी वाट बघणाऱ्या धाकट्या भावंडांनी त्यातून काय घेतलं असेल? माझ्या मते पगार दुय्यम आहे. साइन-ऑफची, म्हणजे करार संपवून जहाज सोडण्याची, तारीख पाळा, बंदरात खाली उतरू द्या.

लंगर
असहमत. जहाजांवर माणसं पाठवणं हेच माझं काम. मुलांचा पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा प्रमोशनचा. रिलीव्हरचा, म्हणजे बदली येणाऱ्या नाविकाचा, व्हिसा अडला, बंदर ऐनवेळी बदललं, तर तारीख हुकणारच. आणि सुधारणा होतायत की! डिसेंबर २०२४ पासून एमएलसीमध्ये, म्हणजे नाविकांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, नाविकांसाठी इंटरनेटच्या सोयीची तरतूदही आली.

थर्ड इंजिनिअर
एकदा हुकली तर कुणी कुरकुरत नाही. माझी तीनदा हुकली. केबिनच्या दारामागच्या कॅलेंडरवर तिसरा गोल काढताना पेन कागदातून आरपार गेलं. त्याच आठवड्यात रात्रभर तेल साफ करणारं प्युरिफायर मशीन उघडून बसलो आणि सकाळी रेस्ट अवर्सच्या शीटवर १० तास विश्रांती लिहिली, कारण २४ तासांत किमान तेवढी हवी असा नियम आहे. शेजारी कॅडेट उभा होता. फार तल्लख पोरगा. पहिल्या कॉन्ट्रॅक्टनंतर परत आला नाही.

लंगर
वाईट वाटलं वाचून. पण खोटी शीट तुम्हीच भरलीत ना? नकार द्यायचा होता.

थर्ड इंजिनिअर
दिला असता, तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट तुम्ही दिलं असतं?

लंगर
खरं सांगतो, कदाचित नाही. म्हणूनच मी पैशावर अडून बसतो. तारीख उलटली की त्या दिवसापासून दुप्पट पगार, असं कलम करारात घाला. मालकाच्या खिशाला झळ बसली की रिलीव्हर बरोबर सापडतो.

दीपस्तंभ
हे पटलं. पण ज्याला घरी जायचंय त्याला दुप्पट पैसे देऊन थांबवणं हा उपाय नाही, दंडच म्हणा.

थर्ड इंजिनिअर
असं कलम असेल तर मी आज सही करतो. पण खाली उतरण्याचं काय? मागच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मी गँगवे, म्हणजे जहाजावरून उतरायचा जिना, एकदाच ओलांडला, तोही दात काढायला.