जास्त खाल्लं की पुढचे दोन दिवस मन खातं. यातून बाहेर कसं यायचं?

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. परवा घरात एक गोष्ट घडली आणि आता लिहायचंच ठरवलं.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. वय ४३, फोर्टला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. मागच्या वर्षी तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असं डॉक्टरांनी समजावलं. आईला चाळिशीतच मधुमेह झाला होता आणि शेवटची काही वर्षं तिचे जे हाल झाले ते मी जवळून पाहिलेत, त्यामुळे मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. वजन तेव्हा ७६ होतं. रात्रीचा भात बंद केला, चहातली साखर सोडली, सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या सुरू केल्या. दहा महिन्यांत ६९ वर आले. म्हणजे जमत नाही अशातला भाग नाही. म्हणून विनंती, काय खायचं याचे तक्ते देऊ नका. ते माझ्याकडे ढीगभर आहेत.

माझा त्रास आहे तो जास्त खाल्लं गेल्यानंतरचा.

मागच्या रविवारी कळव्याला नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. सकाळपासून मी फक्त ताक प्यायले होते, दुपारी जेवायचंच आहे म्हणून. पंगत बसायला अडीच वाजले. पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी, कुरडया, भजी. दोन पोळ्यांवर थांबायचं ठरवून बसले होते. जाऊबाई आग्रह करतात हे खरं, पण तिसरी आणि चौथी मी स्वतः मागून घेतली. त्यांच्यावर ढकलणार नाही. तिथपर्यंतही ठीक होतं. सगळेच जेवले, सगळेच सुस्तावले.

घरी आल्यावर मात्र डोक्यात एकच वाक्य घुमायला लागलं, "आजचा दिवस तर गेलाच." रात्री साडेअकराला सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला नाही. चकल्यांचा स्टीलचा डबा आहे, त्याचं झाकण घट्ट बसतं आणि उघडताना खट्ट आवाज होतो. तो होऊ नये म्हणून डबा पोटाशी धरला, झाकणावर ओढणी टाकली आणि हळूहळू फिरवत काढलं. ओट्याशी उभी राहून किती चकल्या खाल्ल्या मला आठवत नाही. भूक तर नव्हतीच. चवसुद्धा कळत नव्हती. झाकण लावताना हातांना भाजणीचा तेलकट वास येत होता आणि मला रडू आलं. स्वतःच्या घरात, स्वतः तळलेल्या चकल्या मी चोरून खात होते.

सोमवारी सकाळी काट्यावर ७०.६. म्हणजे १.६ किलो जास्त. नाश्ता केला नाही, डब्यात फक्त काकडी नेली, तलावाला पाचच्या जागी नऊ फेऱ्या मारल्या. दिवसभर डोकं भणभणत होतं, एका व्हाउचरची एंट्री दोनदा केली. संध्याकाळी ठाणे स्टेशनला उतरले आणि पश्चिमेला बाहेर पडता पडता दोन वडापाव उभ्या उभ्या खाल्ले. की पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तोच डबा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत मी स्वतःशी धड बोलत नव्हते. हे महिन्यातून दोनदा तरी होतं. सणावारात जास्त. ओकारी काढणं, गोळ्या घेणं असलं काही करत नाही, हे आधीच सांगते.

गंमत नाही, खरंच सांगते, हिशोब मला कळतो. शरीरावर एक किलो चरबी चढायला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. १.६ किलोच्या झाल्या बारा हजारांवर. चार पोळ्या आणि डबाभर चकल्या मिळूनही तेवढं होत नाही. म्हणजे त्यातलं बरंचसं मिठाने आणि गोडाने धरलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असणार. बुधवार-गुरुवारी काटा आपोआप खाली आलाच. हे सगळं मला पाठ आहे, पण सकाळी काट्यावर आकडा दिसला की पोटात खड्डा पडतो तो पडतोच.

आणि आता परवाची गोष्ट. मुलगी तेरा वर्षांची आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाहून आली आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "आई, मी आज केकचे दोन पीस खाल्ले. उद्या मी डबा नेत नाही." मी तिच्या खाण्यावर आजवर एका शब्दाने बोललेले नाही. पण ती माझ्या काकडीच्या डब्याकडे बघत होती, सोमवारी माझा चेहरा बघत होती. माझ्या लहानपणी ताटात टाकलेलं चालायचं नाही, आई म्हणायची अन्नाचा शाप लागतो. मला खाण्याची भीती अशी नव्हती. माझ्या मुलीला ती माझ्यामुळे लागणार असेल तर ते सात किलो कमी झाले काय नि न झाले काय.

तर ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांना विचारते. जास्त खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही नेमकं काय करता? ते "दिवस गेलाच" वालं वाक्य डोक्यात आलं की काय करता? आणि मुलीशी काय बोलू?

प्रतिसाद:

अगं, तुझं वाचून मला माझी नेरूळची पहिली दोन वर्षं आठवली. तुझ्याकडे चकलीचा डबा, माझ्याकडे शेवेचा. ओढणीच्या जागी मी मिक्सर लावायचे, आवाजात आवाज मिसळावा म्हणून.

सरळ लिहिते, रागावू नकोस. तुझी रात्र रविवारी रात्री सुरू झालेली नाही. सकाळी ताकावर राहिलीस तिथे सुरू झाली. सोमवारचे वडापाव काकडीच्या डब्यातून आले. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. ज्यांना कधी खाण्याचं वेड नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले, आणि नंतर पोटभर मिळायला लागलं तरी कित्येकांचं समाधानच होईना. ते काही हावरट नव्हते. तूही नाहीस.

मला कामी आलं ते एवढंच. जास्त खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रोजचा नाश्ता रोजच्याच वेळी करते. भूक नसली तर अर्धी वाटी, पण करते. डबा पोळी-भाजीचाच. फेऱ्या रोजच्या तेवढ्याच. भरपाई म्हणून काही म्हणजे काही करायचं नाही. पहिले दोन महिने हे फार जड गेलं, कारण शिक्षा न देता राहवत नाही. वजन आठवड्यातून एकदा, लग्नकार्याच्या दुसऱ्या दिवशी कधीच नाही. आणि चकली खायची झाली तर दिवा लावून, बशीत घेऊन, बसून. नवरा समोर असला तरी. याने माझं चोरून खाणं जेवढं कमी झालं तेवढं कशानेच झालं नाही.

एक मात्र मनावर घे. खाताना हात थांबत नाही, लपवावं लागतं, नंतर स्वतःची किळस येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललं, तर डॉक्टर त्याला आजार म्हणून बघतात आणि त्यावर उपचार आहेत. तुझं महिन्यातून दोनदा आहे, पण त्या पायरीची वाट कशाला बघायची? मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले होते, सांगायला लाज वाटत नाही. आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. साखरेच्या डॉक्टरांनाही हे सांग, त्यांना फक्त आकडा माहीत आहे.

धागाकर्ती:

ताई, मिक्सरचं वाचून मी किती वेळ नुसती बसून राहिले. हे फक्त माझ्याच घरात होतं असं वाटायचं.

ताकाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मागे जाऊन आठवलं तर गणपतीत, दिवाळीत, भाच्याच्या मुंजीत, प्रत्येक वेळी आधीचं एक जेवण मी मुद्दाम सोडलेलं होतं. काल ऑफिसात पार्टी होती, समोसे नि गुलाबजाम. दुपारचा डबा पूर्ण खाऊन गेले. दोन गुलाबजाम खाल्ले. घरी येऊन डोक्यात वाक्य आलंच, पण ओट्याशी गेले नाही. आज सकाळी हात काट्याकडे जात होता, म्हणून तो माळ्यावर टाकला. रविवारी काढेन.

आठ वाजता पोहे केले आणि मुलीला म्हटलं, चल, बसून खाऊ. ती म्हणाली, "तू पण?" मी हो म्हटलं. तिने माझ्या बशीत किती आहेत ते आधी पाहिलं, मग तेवढेच घेतले. डबा नेला तिने, पण अर्धा परत आणला.

तिच्याशी नेमक्या कुठल्या शब्दांत बोलायचं ते मला अजून सुचत नाही. या वयाच्या मुली ज्यांच्या घरात आहेत त्यांनी कृपया लिहा. टेलिमानसला उद्या लंच टाइममध्ये फोन करतेय.