बी.डी.ला आल्यापासून प्रार्थनाच होत नाही, कुणाला असं झालंय का?

दुसरं_वर्ष_बीडी

सलाम मंडळी. पुण्यात सेमिनरीत बी.डी. (पाळक होण्यासाठीची पदवी) करतोय, दुसरं वर्ष, घर जालन्याकडचं. हे हॉस्टेलवर कुणाला विचारलं की लगेच "ब्रदर तुमच्यासाठी प्रार्थना करतो" म्हणतात आणि विषय संपतो म्हणून इथे लिहितोय.

पहिल्या वर्षी हिब्रूचे धातू पाठ करताना मजा यायची. मग पंचग्रंथ (बायबलची पहिली पाच पुस्तकं) आला, मोशेने एकट्याने सगळं लिहिलेलं नाही, त्यात वेगवेगळ्या काळातले धागे आहेत, यशयाच्या पुस्तकात ४०व्या अध्यायापासून पुढे काळच वेगळा, हे सगळं पचलं. पण मार्काच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायाला काहीतरी तुटलं. सरांनी सांगितलं की चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाय ह्या दोन्ही हस्तलिखितांत शुभवर्तमान ८व्या वचनाला थांबतं, बाया कबरेपासून पळाल्या, घाबरल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, बास. ९ ते २० नंतर जोडलेलं.

आता माझी आजी. शाळेत कधी गेली नाही, वचनं ऐकून पाठ. मला टायफॉइड झाला तेव्हा रात्रभर डोक्यावर हात ठेवून बसली होती आणि तिचं वचन म्हणजे आजाऱ्यांवर हात ठेवायचं, मार्क १६:१८. त्या दिवशी वर्गात मी वहीत ते वचन कंसात टाकलं आणि असं वाटलं की आजीलाच कंसात टाकलं.

तेव्हापासून सकाळी मननाला बसलो की वचन दिसायच्या आधी संदेशाचे तीन मुद्दे दिसतात. रविवारी फील्ड वर्कला एका मंडळीत जातो, संदेश देतो, म्हाताऱ्या बाया रडतात, हात धरतात, आणि मी परत येताना बसमध्ये विचार करतो की आपण फक्त बरं बोललो. प्रार्थना रोज करतो तशी, पण चारचौघांत. एकटा असलो की तोंडातून शब्द निघत नाही.

सडेतोड_विश्वासी

म्हणूनच आमच्या फेलोशिपमधून कुणाला सेमिनरीत पाठवत नाहीत. बुद्धी वाढते आणि आग विझते. तीन दिवस उपास कर, ती पुस्तकं बाजूला ठेव.

नगरी_पाळक

उपास करायला हरकत नाही पण पुस्तकं बाजूला ठेवून परीक्षा कोण देणार :)

बाळा, २२ वर्षं झाली सेवेत. आधी आजीचं बघू. १६:१८ बाजूला ठेवलंस तरी त्याच मार्काच्या ६:५ मध्ये येशू स्वतः थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवतो, आणि याकोबाच्या ५व्या अध्यायात वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. आजी काही एका वचनाच्या खुंटीला टांगलेली नव्हती. पेपरात कंस घाल, बिनधास्त.

दुसरं जरा अवघड आहे. माझ्या पहिल्याच वर्षी एका खेड्यात विहिरीत पडून पोरगा गेला, एकुलता एक. ईयोबावर (निरपराध माणसाच्या दुःखावरचं बायबलमधलं पुस्तक) मी सेमिनरीत निबंध लिहिला होता, चांगले मार्क पडले होते, आणि त्या बापासमोर मला एक ओळ सुचेना. नुसता ओट्यावर बसून राहिलो. मग कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन धरलं, बेसूर, अर्धं विसरलेलं, आणि मी त्यांच्या मागे मागे म्हणत गेलो. त्या दिवशी पाळक त्या होत्या. तुला मंडळीत असं कुठेतरी बसायला हवं जिथे तुझ्याकडून संदेशाची अपेक्षा नाही. महिलांची घरोघरची प्रार्थना असते ना, तिथे चटईवर मागे जाऊन बस आणि कुणी "ब्रदर तुम्ही करा" म्हटलं तर आज नको म्हण. पहिल्यांदा फार जड जाईल.

केडगावकडची

मी पण बी.डी. केलंय. सडेतोड दादा, पंडिता रमाबाईंना कुणी पुस्तकं बाजूला ठेवायला सांगितलं असतं तर? १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या सिस्टर बायांशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा एकच देव), मतांगीकारावरून (मंडळीचं ठरलेलं विश्वासवचन) पत्रांत वाद घालत बसल्या, समजल्याशिवाय हो म्हणेनात. आणि पुढे स्वतःच्या साक्षीत काय लिहिलंय तर धर्म मिळाला होता पण ख्रिस्त भेटायचा राहिला होता, तो काही वर्षांनी भेटला. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर! पुढे त्याच बाई ग्रीक आणि हिब्रू शिकून मराठी बायबल करायला बसल्या आणि १९२२ ला जाईपर्यंत तेच काम चालू होतं, छापखान्यात त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्याच मुली. त्यामुळे धातू पाठ करणं आणि प्रार्थना ह्यांचं वैर आहे असं मला तरी वाटत नाही. तुझ्या बाबतीत अडचण मार्क १६ मुळे कमी आणि दर रविवारी बोलावं लागतं त्यामुळे जास्त आहे असं वाटतं.

आणि स्तोत्र ८८ वाच. शेवट अंधारातच होतो, कुठे "तरी पण मी तुझी स्तुती करीन" वगैरे नाही. त्यावर तीन मुद्दे काढून दाखव.

वसईचा_सेमिनेरियन

कॅथलिक आहे, आत येऊ का? आमच्याकडे ह्याला शुष्कता म्हणतात आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही कारण सगळ्यांनाच होते. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाचा नियमच आहे, उजाड वाटत असेल तेव्हा आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. म्हणजे सेमिनरी सोडायचा विचार येत असेल तर आत्ता नको. शिवाय आमचा प्रत्येकाचा आध्यात्मिक मार्गदर्शक वेगळा असतो आणि तो रेक्टरला (सेमिनरीच्या प्रमुखाला) ह्यातलं काही सांगत नाही. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर बाहेरचा एखादा निवृत्त पाळक शोध, जो तुला मार्क देणार नाही.

दुसरं_वर्ष_बीडी

सोडायचा विचार आलेला हे न सांगता ओळखलंत..

अपडेट. काल आईला फोन केला, विचारलं की आजी हात ठेवून नेमकं कुठलं वचन म्हणायची. आई म्हणाली वचन कसलं, "बापा तुझंच लेकरू आहे, बघ बाबा जरा" एवढंच रात्रभर, वचन ती सकाळी शेजारणींना सांगायची! फोन ठेवल्यावर बराच वेळ गच्चीवर बसलो. प्रार्थना केली असं नाही म्हणणार, पण बसलो.

स्तोत्र ८८ चे मुद्दे निघाले नाहीत, हरलो.

या रविवारी मार्क १६ वरच बोलायचंय, ८ पर्यंतच. फील्ड वर्कच्या पाळकसाहेबांना आधी विचारलं तर ते म्हणाले बोल, पण त्या बाया कुणाला काही बोलल्या नाहीत तर मग आपल्याला कळलं कसं, हे आमच्या सखूबाई उपासना संपायच्या आत विचारणार, तयारी करून ये.